सिदूच्या पायाखालची पेटी

आमच्या शेजारचा सिदू धनगर उकिडवा बसला की अर्धा दिवस उठायचा नाही. काठीवर हनुवटी, गुडघे छातीला, समोर मेंढरं. आष्टीकडच्या माळावर लांबून पाहणाऱ्याला वाटावं, धोंडाच आहे. जेवायचा तसाच, गप्पा मारायचा तसाच. सकाळी आम्ही पाच-सहा जण टमरेलं घेऊन ओढ्याकाठी जायचो, तेव्हा सगळ्यांत आधी मोकळा होऊन उठायचाही तोच.

"झालं बी?" मी विचारायचो. "बे, तू बसतोस का नुसता वाकून रामराम करतोस?"

हसायचा बिचारा. पोटाचं दुखणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मानमोडीच्या तापाच्या साथीआधी दोन वर्षं एका एडक्यानं त्याच्या उजव्या गुडघ्याला धडक दिली. हाडवैद्यानं कामट्या बांधून दोन महिने पाय सरळ ठेवला. कामट्या सुटल्या, पाय मात्र सरळच राहिला.

मग सिदू सकाळी आमच्यात येईना. भर दुपारी माळ ओस पडला की बायकोला, चतुराबाईला, घेऊन ओढ्यापलीकडं जायचा. आता मी गावचा शिंपी. माझ्या ओट्यावर कापडापेक्षा बातम्याच जास्त बेतल्या जातात. मला कसली चैन पडते? एक दिवस गेलो मागोमाग आणि तरवडाच्या झुडपाआडून पाहिलं.

बाभळीला दोर बांधलेला. सिदू दोराला लोंबकळत होता, एक पाय पुढं ताठ, कपाळाच्या शिरा टरटरलेल्या. चतुराबाईनं मागून त्याच्या काखेत हात घातलेले, तोंडावर पदर. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "सोड. आज बी न्हाई."

मी घरी येऊन गप्प बसायला हवं होतं. नाही बसलो. त्याच संध्याकाळी चावडीवर मी दोर धरला, पाय ताठ केला, डोळे वटारले. उपरण्याचा पदर करून चतुराबाईसुद्धा झालो. लोक लोळले. रामहरी पाटलाच्या तोंडातलं पान सांडलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कुणीतरी चतुराबाईला विचारलं, "काय गं, झोका देऊन आलीस का?" ती घागर रिकामीच घेऊन माघारी गेली.

आठवड्यानं ती माझ्या ओट्यावर आली. हातात सिदूची बंडी.

"भावजी, सैल करून द्या. पोट लई फुगलंय."

"कावून? पाहुणचार चाललाय का काय?" माझी जीभ तेव्हाही थांबली नाही.

"चार दिस झालं, घास घेतला न्हाई. एरंडेल बी थुकून टाकलं. ह्ये म्हन्त्यात, आत काय गेलंच न्हाई तर भाईर काढायला दोर लागत न्हाई, आन् लोक बी बगायला येत न्हाईत."

ती माझ्याकडं पाहतच नव्हती. बंडीच्या शिवणीकडं पाहत होती. ती शिवण माझीच. त्या दिवशी दिवस मावळेपर्यंत सुईत दोरा काही गेला नाही.

महसुलाचा गिरदावरसाहेब दौऱ्यावर आला की त्याच्या राहुटीत एक खुर्ची असे. मधे भोक, खाली डबा. तसलीच त्रिंबक सुताराकडून करून घेतली. कुणासाठी ते सांगितलं नाही. सिदूच्या घरामागं मी स्वतः तुराट्यांचा कूड घातला. सिदू माझ्याशी बोलेना. चतुराबाईनं गळ्याची शपथ घालून त्याला एरंडेल पाजलं, पेज भरवली आणि खुर्चीवर बसवलं.

कुडाआडून आवाज आला, "कचेरीत बसल्यावानी वाटतंय. कायबी व्हईना."

दुसऱ्या दिवशीही तेच. चतुराबाई कुडाला टेकून उभी होती. एकाएकी म्हणाली, "भावजी, आमी बाया लेकराला पायावर बसवतो, तवा त्याचं गुडघं पोटाशी लावतोच की. ह्येंचं गुडघं कुटं हायत? पार खाली!"

एक गुडघा तर वाकत होता! पायाखाली वीतभर उंच काहीतरी हवं होतं. धोंडा ठेवला, तो डुगडुगला. मग मी घरी पळालो आणि माझ्या शिलाई मशीनवरची लाकडी पेटी उचलून आणली. नगरहून मशीन आणलं तेव्हा तिला हळदकुंकू वाहिलं होतं मी. ती सिदूच्या डाव्या पायाखाली ठेवली.

"आता वाक बे पुढं. गुडघा पोटाला लाव."

किती दिवसांनी तो माझ्याशी बोलला. म्हणाला, "तू आदी हितनं जा."

गेलो. पार रस्त्यापर्यंत गेलो आणि गावाकडं पाठ करून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं चतुराबाई आली. तोंडावर पदर नव्हता. एवढंच म्हणाली, "भाकरी टाकते."

पुढं ते रोजचंच झालं. माझं मशीन उघडं पडलं. गिऱ्हाइकं विचारायची, "पेटी कुटं गेली?" मी सांगायचो, "घुशीनं कुरतडली." चावडीवर तर ही गोष्ट दोरापेक्षा दुप्पट रंगली असती. ओठांवर आली की मी तोंडात सुपारी टाकायचो.

दिवाळीला सिदू नवी बंडी शिवायला आला. मी पोटाला फीत लावली. नजर वर करायचं धाडस काही होईना.

"आधीचंच माप आलं बे," मी म्हणालो.

"पोट आलं जागेवर," तो म्हणाला. "तुज्यासमोर हासायचं मातर जमत न्हाई आता."

चावडीवर तो पुन्हा कधी आला नाही. मानमोडीत गेला. तेराव्यानंतर चतुराबाईनं पेटी राखेनं घासून, उन्हात वाळवून आणून दिली. माझ्यानं ती अजून मशीनवर ठेवली गेलेली नाही.

परवा तिला विचारलं, "वहिनी, सिदूचं लिहू का?"

"लिवा की," ती म्हणाली. "पन तरवडाआड कोन बसलं हुतं, त्ये बी लिवा."