झूलाघराचा कडुनिंब

गयाबाईची गोष्ट सांगायची तर आधी झूलाघर सांगावं लागतं. आमच्या मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला, बायका कामाला होत्या. त्यांची तान्ही पोरं आवारातल्या एका खोलीत ठेवत, ते झूलाघर. खोली पत्र्याची, उन्हाळ्यात भट्टी! गयाबाई तिथं आया म्हणून लागली आणि पहिल्याच वर्षी तिनं सगळी पोरं उचलून बाहेर कडुनिंबाखाली आणली. जुन्या लुगड्यांच्या झोळ्या फांद्यांना बांधल्या. साऱ्या दोऱ्या एका मुठीत धरून सगळ्या झोळ्या एकदम हलवायची. माझ्या लूमजवळच्या खिडकीतून दिसायचं. मुकादम ओरडायचा, "तुकोजी, धागा देख, पेड़ मत देख!"

गयाबाई महूची. वडील पलटणीत, घर बौद्ध. सुरुवातीला काही पोरांच्या आया म्हणायच्या, हिच्या हातचं दूध नको, आम्ही सुट्टीत येऊन पाजू. माझी बायको रमाही वाइंडिंगलाच, तीही त्यातलीच, खोटं कशाला बोलू. पण आमचा उन्मेष रडून लाल झाला की गयाबाई सरळ बाटली तोंडाला लावायची. पुढं रमाच म्हणू लागली, "गयाबाई, तुमच्याकडंच पितो हो मेला, घरी नखरे करतो."

मिल बंद पडली. लूम भंगारात गेले, झूलाघर पडलं, त्या जागेवर बगीचा झाला. झाड राहिलं. गयाबाई रोज संध्याकाळी त्याच्याखाली येऊन बसायची. यंदा तिथं हेरिटेजचं काम निघालं. चिमणीला रंग, जुन्या गेटला दिवे. मी तर खूश! मग कळलं, कडुनिंब पार्किंगच्या आड येतो, सोमवारी तोडणार.

आमच्या सकाळच्या फिरणाऱ्या मंडळींचे पुढारी प्रतापराव. ते म्हणाले, "गयाबाई, सोपं आहे. बुंध्याशी एक गोटा ठेवू, शेंदूर फासू. कोणाच्या बापाची हिंमत होणार नाही."

"नको हो."

"तुम्ही नका फासू, मी फासतो."

"ज्याला मी मानत नाही, त्याच्या मागं लपू होय? माझी पोरं येऊन उभी राहतील की."

"कोणती पोरं?"

"झोळीतली."

मग सुरू झाली तिची फेरी. नात धम्मदीना स्कूटर चालवणार, ही मागं बसून घरोघर. पोटं सुटलेले, टक्कल पडलेले बाप्ये, आणि ही त्यांना "ए बाळ्या" म्हणणार! "सोमवारी सकाळी झाडाखाली यायचं. बोलायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं." सगळे म्हणाले, हो मावशी, बिलकुल. उन्मेषनं तर तिचे दोन्ही हात धरून शब्द दिला.

सोमवारी झाडाखाली गयाबाई, धम्मदीना, आणि गुडघ्यांमुळे प्लास्टिकच्या स्टुलावर मी. बस, एवढेच. तोडणारे आले.

"माताजी, हट जाइए," सुपरवायझर म्हणाला.

"रुको भिया, मेरे बच्चे आ रहे हैं."

बिचारा थांबला. चहा पिऊन आला, परत थांबला. मी उन्मेषला फोन लावला. "बाबा, मीटिंग आहे, मी सांवेर रोडला ऑफिसात पोचलोय. तुम्ही आहात ना तिथं!" ऊन डोक्यावर आलं तसा सुपरवायझर उठला. "कल मशीन लाऊँगा, माताजी. कल मत रोकना."

परतताना मी मुकादमाची नक्कल केली. गयाबाई दरवेळी हसते. त्या दिवशी नाही हसली.

मंगळवारी सकाळी जातो तो काय, बुंध्याशी गोटा! ओला शेंदूर, झेंडूची माळ. प्रतापराव भलतीकडंच बघत उभे. आणि माणसं! अख्खी कॉलनी लोटलेली. तीच टकली, तीच पोटं, हातात नारळ. मशीन आलं, थांबलं. सुपरवायझरनं बूट काढले, हात जोडले आणि फोन लावला, "साहब, यहाँ तो मंदिर है." तासाभरात निरोप आला, पार्किंग भिंतीकडं सरकवा.

मी स्टुलावरून उठून टाळ्याच पिटल्या. "गयाबाई, वाचलं हो झाड!"

"वाचलं," ती म्हणाली.

गर्दीतून उन्मेष आला, तळहातावर खोबऱ्याचा तुकडा. "मावशी, घे. बघ, आलो की नाही?"

"ऑफिस?"

"आज सुट्टी टाकली."

तिनं आवाज चढवला नाही. "काल टाकायची होतीस रे."

उन्मेषचा हात तसाच पुढं राहिला. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

धम्मदीनानं स्कूटर सुरू केली. मागं आरती चालू झाली होती आणि दोघं जण घंटा टांगायला फांदी शोधत होते. गयाबाई बसता बसता वळली.

"तुकोजीभाऊ, त्यांना सांगा, खिळा ठोकू नका म्हणावं. दुखतं त्याला."

मी सांगायला गेलो. आरतीच्या टाळ्यांच्या आवाजात कोणाला ऐकू जाईना.