जाऊबाई आणि आळशी अस्वल

जगातली कुठलीही भानगड चार चौकटी आणि दोन-चार बाणांत बसते, आणि जी बसत नाही ती मुळात घडलेलीच नसते, असं छातीठोकपणे मानणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली, आणि ती नेमकी माझी थोरली जाऊ निघाली. चाकणच्या पुढे एका गावातल्या शाळेत त्या तिसरीला शिकवतात. गोष्टीत कोण आहे, अडचण काय, मग काय झालं, शेवट काय, या त्यांच्या चार चौकटी. पोरं गोष्ट वाचतात आणि डिजिटल फळ्यावर बोटानं शब्द ओढत ओढत ज्या त्या चौकटीत नेऊन टाकतात. इथवर ठीक. पण शाळा सुटली तरी बाईंच्या चौकटी सुटत नाहीत, ही आमच्या घराण्याची अडचण! मागच्या दिवाळीत फराळावरून माझं आणि सासूबाईंचं जरा वाजलं. रागारागानं मी रहाटणीला घरी पोचते न पोचते, तोच घरच्या ग्रुपवर जाऊबाईंचं चित्र हजर. 'कोण'मध्ये आम्ही दोघी, 'अडचण'मध्ये 'चकलीत मोहन कमी', आणि 'शेवट'ची चौकट रिकामी. खाली सूचना, 'दोघींनी मिळून भरावी.' काय करते! भरली.

चौकटींपेक्षा भयंकर म्हणजे त्यांचा एक शब्द, 'पुरावा?' तुम्ही काहीही बोला, त्यांची तर्जनी वर झालीच म्हणून समजा. भाजी छान झालीय म्हटलं, पुरावा? हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेय म्हटलं, पुरावा? एकदा वैतागून मी कॅबच्या खिडकीतून फोटो काढून पाठवला, तर उलट उत्तर आलं, 'शाब्बास.' वर्गातही तोच कायदा. उत्तर दिलं की गोष्टीतल्या ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवता आलं नाही तर उत्तर बाद, मग ते खुद्द बाईंचं का असेना. हे शेवटचं त्या फार ऐटीत सांगायच्या, कारण बाईंचं उत्तर चुकेल असं त्यांना स्वप्नातही वाटत नसे.

या कायद्यातून सुटलेला एकच माणूस होता, ते म्हणजे भाऊजी, त्यांचे यजमान. भाऊजी चाकणच्या एका कंपनीत, कायम थर्ड शिफ्टला. सकाळी यायचं आणि आडवं व्हायचं. जाऊबाईंच्या मते हा जन्मजात आळस, आणि त्याला पुरावा लागत नाही, तो समोर घोरतोच आहे. "आमच्याकडे फर्निचर भरपूर आहे, त्यातलं एक घोरतं," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या. शनिवारी सकाळची शाळा करून दुपारी घरी आल्या की मुद्दाम कुकरच्या शिट्ट्यांचा सपाटा लावायच्या, भांडी आपटायच्या. भाऊजी कूस बदलून म्हणायचे, "चालू दे तुझं." असा देवमाणूस!

तर तो फळा. एका संस्थेनं तो शाळेला वर्षभर वापरायला दिला होता. वर्षाच्या शेवटी त्यांचे साहेब येऊन बघणार, वाचलेलं पोरांना कळतंय का. कळत असेल तर फळा शाळेचा, नाहीतर उचलून दुसऱ्या शाळेत. जाऊबाईंचा सगळा जीव त्यात अडकला होता. फळा यायच्या आधी पोरं धडाधड वाचायची, आणि 'कशाबद्दल होतं रे?' म्हटलं की एकमेकांची तोंडं बघायची. त्यात एक बारकी मुलगी होती, तिनं तर अख्खी दुसरी तोंड न उघडता काढली. फळ्यावरचं चित्र बोटानं हलतंय हे कळलं त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली. "फळा गेला ना, तर ती पुन्हा गप्प बसेल गं," जाऊबाई मला फोनवर म्हणाल्या. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शाळेच्या इंटरनेटचा भरवसा नव्हता, म्हणून परीक्षेच्या शनिवारी माझ्या फोनवरून फळ्याला नेट द्यायला मी हजर राहायचं ठरलं. "तू आयटीत आहेस ना?" झालं! आमच्या घरात आयटी म्हणजे घरचा वायरमन.

साहेब मागच्या बाकावर बसले. त्यांच्या हातात प्रश्न आणि अपेक्षित उत्तरांचा कागद. मी खिडकीत फोन धरून उभी. आमच्या मॅनेजरला नेमका तेव्हाच फोन करायचा होता. मी कापला, त्यानं पुन्हा केला, मी पुन्हा कापला. फळ्यावर संस्थेनं दिलेली गोष्ट आली. 'पिल्ले सकाळी उठत तेव्हा गुहेत मधाचे पोळे ठेवलेले असे. पिल्ले पोटभर मध खात. अस्वल मात्र दिवसभर झोपून राही. माकड त्याला आळशी म्हणून हसे.' पोरांनी भराभर शब्द ओढले, एकही चुकला नाही. साहेब खुशीत खुणा करत होते. राहिला शेवटचा प्रश्न, ज्यावर फळ्याचा निकाल ठरायचा होता: अस्वल दिवसा का झोपते? जाऊबाईंनी 'आळशी' हा शब्द आधीच तयार करून फळ्याच्या कोपऱ्यात ठेवला होता, नुसता चौकटीत ओढायचा बाकी.

"सांगा बरं, का झोपतं?"

अख्खा वर्ग एका आवाजात ओरडला, "थर्ड शिफ्ट!"

साहेबांचं पेन थांबलं. जाऊबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "नीट वाचा. माकड काय म्हणतंय?"

ती बारकी मुलगी उभी राहिली. "माकडाला काय म्हाईत, बाई? ते रातीला झोपल्यालं असतंय."

"पुरावा?" सवयीनं जाऊबाईंच्या तोंडून निसटलं.

पोरगी तरातरा पुढे आली आणि तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "सकाळी मध हाय न्हवं गुहेत? पिल्लं तर आत्ता उठली. मग आणला कुनी? आमचं पप्पा बी सकाळी वडापाव घिऊन येत्यात. मग झोपत्यात."

साहेब माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "मॅडम, आमच्या कागदावर 'आळशी' आहे. मला कागदाप्रमाणेच लिहावं लागतं. पुन्हा एकदा विचारून बघता का?"

अहो ताई, म्हणून टाका ना आळशी! एका अस्वलापायी फळा घालवताय का? माझ्या हातातला फोन पुन्हा थरथरला. जाऊबाईंनी ती पहिली ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी 'आळशी'वर बोट ठेवलं, तो शब्द ओढत ओढत खाली नेला आणि फळ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"साहेब, आमच्या वर्गाचा नियम आहे," त्या म्हणाल्या. "या उत्तराला पुरावा नाही."

पुढच्याच महिन्यात टेम्पो आला आणि फळा गेला. आता चौकटी फरशीवर खडूनं आखतात आणि पोरं शब्दांच्या चिठ्ठ्या सरकवतात. ती बारकी मुलगी काही गप्प बसली नाही. टेम्पोवाल्यालाच तिनं विचारलं म्हणे, "कुठं नेताय? का? कोन म्हनलं?"

पण माझ्या मनातून जात नाही ती त्याच शनिवारची दुपार. आम्ही शाळेतून त्यांच्या घरी गेलो. भाऊजी आत झोपलेले. ओट्यावर दूध तापवून झाकून ठेवलेलं, शेजारी कोथिंबीर निवडलेली, ताटलीखाली आमच्यासाठी पोहे. "हे रोज असतं?" मी विचारलं. जाऊबाईंनी होकारार्थी मान हलवली. मग कुकर उचलला, परत मांडणीवर ठेवला आणि डाळ साध्या पातेल्यात शिजत घातली.

आम्ही दोघी कुजबुजत बसलो. थोड्या वेळानं भाऊजी धडपडत बाहेर आले, केस उभे, डोळे तांबडे. "काय झालं? शिट्टी का नाही वाजली? कुणी गेलं का आपल्यातलं?"

"कुणी नाही गेलं," जाऊबाई म्हणाल्या. "झोपा तुम्ही. डाळीला वेळ आहे."

भाऊजींनी घाबरून माझ्याकडे बघितलं आणि ते पुन्हा आत गेले. जाऊबाई पाठमोऱ्या उभ्या राहून डाळ ढवळत होत्या. मध्येच पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, वाफ गेली गं डोळ्यात.

मी पुरावा मागितला नाही.