चिकाची बादली आणि आडवी म्हैस

म्हैस बसली ती उठंच ना. मान वळवून बरगडीवर टाकलेली, कान गार, नाक कोरडं. व्याल्याला एकच दिवस झालता.

चाळीस वर्सं मी म्हशीच राखल्या. शाळा तिसरीत सुटली. पण म्हशीतलं मला शिकवील असा मानूस वडवणी तालुक्यात न्हाई, असं मी समजत होतो.

गोठ्यात गर्दी जमली. सगळी आदल्या दिवशी खरवसासाठी तांब्या-तांब्या चीक नेलेली मंडळी. आता फुकट अक्कल वाटत होती. कुनी म्हने नजर लागली, कुनी म्हने तेल पाजा. माझा धाकटा भाऊ बापू तर तेलाचं नळकांडं घेऊन पुढं झाला. तेवढ्यात गुरांची डॉक्टरीण आली. माझ्या नातीएवढी पोरगी.

"थांबा! तिला गिळता येत नाही. तेल फुफ्फुसात जाईल," ती ओरडली. मग मला विचारलं, "आबा, चीक किती काढला?"

"सगळा. सड कोरडे केले. आमच्यात गावाला वाटत्यात."

"मग म्हैसच वाटून टाकलीत की!"

मला लई राग आला. "कावून? दूध काढल्यानं म्हैस बसती व्हय?"

सलाईनची नळी लावता लावता ती सांगू लागली, "चिकातून अंगातलं कॅल्शियम गेलं. आबा, शरीर बारीक पेशींचं असतं. प्रत्येकीला पडदा. 'ऊठ' हा निरोप नसेतून येतो. नसेच्या टोकाला, पडद्यातल्या दारातून कॅल्शियम आत शिरलं, तरच तो पुढं मांसाला मिळतो. कॅल्शियमच नाही, तर निरोप तिथंच थांबला."

"म्हंजे तलाठ्याच्या दारात अर्ज घेऊन उभं ऱ्हाण्यासारखं."

"तसंच. फक्त इथं दार उघडलं की काम खरंच होतं."

बाटली थेंबाथेंबानं चालली होती. बापूला दम निघंना. "सोडा की भडाभडा!"

"हृदयही पेशींचंच आहे, काका. बाटलीतलं कॅल्शियम एकदम गेलं तर ते बंद पडेल." एक हात तिनं म्हशीच्या छातीवरनं हलवला न्हाई.

अर्धी बाटली गेली आन मांड्या थरथरल्या. म्हशीनं ढेकर दिला, शेणाचा पवटा टाकला. मग पुढचे गुडघे टेकवून जी उठली, ती थेट रेडकाकडं.

"पुन्हा बसू शकते. दोन दिवस पूर्ण पिळायची नाही," डॉक्टरीण म्हनाली.

मी मान हलवली. बापूपुढं एवढंच जमलं.

त्याच सांजेला तीन तांबे दारात. मी रिकामेच परत पाठवले. लोक रुसले. रुसू द्या. म्हैस मेली असती, तर ह्याच मंडळींनी "लई गुनी होती" म्हनत माझ्याच घरी चहा पिला असता.