अण्णांचा हॉटस्पॉट

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी मनातल्या मनात एका महिला कॉन्स्टेबलला सलाम ठोकतो. पोलीस खात्यात सलाम खालून वर जातो. माझा हा एक सलाम वरून खाली गेलेला आहे आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही. त्या दिवशी ती गप्प बसली असती, तर एका निरपराध माणसाला भर गल्लीतून जीपमध्ये घालून नेल्याचं पाप माझ्या माथी आलं असतं.

मी त्या वेळी बेळगावात सायबर गुन्ह्यांचं ठाणं सांभाळत होतो. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. संगणकाचं ज्ञान म्हणाल, तर प्रशिक्षणात कानावर पडलं तेवढंच. पण खुर्चीत बसलं की आपल्याला सगळं येतं असं माणसाला वाटायला लागतं. आमच्या ठाण्याचा कारभार तीन भाषांत चालायचा. फिर्याद ऐकायची मराठीत, लिहायची कन्नडमध्ये आणि इंटरनेट कंपनीला पत्र पाठवायचं इंग्रजीत.

एके सकाळी निपाणीहून एक जैन व्यापारी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी बेळगावातल्या एका कॉलेजात शिकवायची, तिचं लग्न ठरलेलं होतं. कुणीतरी तिच्या नावाने खोटं खातं उघडलं होतं, तिचा चेहरा भलत्याच चित्राला चिकटवला होता आणि ती चित्रं नवऱ्या मुलाच्या नातेवाइकांना एकामागून एक पाठवली जात होती. वडील निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलत होते. बोलता बोलता ते सारखे खुर्चीतून उठत होते. मुलगी मात्र ताठ बसून होती.

मी तिला विचारलं, "हा चेहरा कुठल्या फोटोतला आहे, ओळखता येतो?"

"हो सर. लग्नाच्या साड्यांचा रंग ठरवताना खांद्यावर साडी टाकून काढला होता. आईच्या फोनमधून फक्त इथल्या शहापुरात गेला. साडी विणणाऱ्या अण्णांकडे."

वडील म्हणाले, "साहेब, त्येला पयला आत टाका. मग बाकीचं बोला."

मी त्यांना धीर दिला आणि कंपन्यांना पत्रं धाडली. उत्तरं यायला बरेच दिवस लागले. त्या काळातही नवऱ्या मुलाच्या घरी चित्रं जातच होती. शेवटी उत्तर आलं. खोटं खातं ज्या इंटरनेट जोडणीवरून चालत होतं, ती जोडणी शहापुरातल्या त्याच विणकराच्या नावावर होती. फोटोही तिकडेच गेलेला, जोडणीही तिकडचीच. मला आणखी काय हवं होतं? ठाण्याच्या लेखनिकाला, म्हणजे रायटरला, बोलावून अटकेचे कागद तयार करायला सांगितले. मुलीच्या वडिलांना फोन करून 'आज काम होऊन जाईल' असंही कळवून टाकलं. घोड्याच्या आधी वरात निघाली होती.

दुपारी आम्ही शहापुरात गेलो. बरोबर दोन शिपाई आणि उचगावची ती कॉन्स्टेबल, ठाण्यात नवीनच आलेली. शेतकऱ्याच्या घरातली, बोलायला कमी, बघायला तरबेज. गल्ली इतकी चिंचोळी की जीप देवळाजवळच लावावी लागली.

घरात शिरल्यावर समोरच माग, त्याच्या शेजारी भिंतीला टेकून एक जुना संगणक. काठपदराची नक्षी अण्णा त्यावर बघायचे. पंचावन्नच्या आसपासचा, किरकोळ बांध्याचा माणूस. आम्हाला बघून हातातला धोटा तसाच राहिला.

मी मुलीचा फोटो दाखवला. "हा तुमच्याकडे आहे?"

"व्हय की. काँप्युटरातच हाय. रंग जुळवाया."

"हे इंटरनेट कुणाचं?"

"माझंच."

"आणखी कोण वापरतं?"

अण्णांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं आणि मान खाली घातली. "कुणी न्हाय, साहेब. माझंच हाय."

माझ्या मते केस इथेच संपली. एवढ्या नोकरीत मी खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले होते आणि हा माणूस खोटं बोलतोय हे मला स्वच्छ दिसत होतं. ते खरंही होतं. पण तो स्वतःला वाचवायला खोटं बोलतोय, हे मी माझ्या पदरचं घातलं.

महजर, म्हणजे पंचनामा, सुरू झाला. गल्लीत माणसं जमली. आरोप कळल्यावर अण्णांची बायको मला आत बाजूला घेऊन हळूच एवढंच म्हणत होती, "ह्येंच्या हातची साडी नेसून पोरी बोहल्यावर चढत्यात, साहेब. पोरीचं वंगाळ केलं म्हटल्यावर उद्या कोण साडी घील ह्यांच्याकडनं?" तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. शहापुरात पोलीस एखाद्याला घेऊन गेले की तो सुटून येतो, पण त्याचं नाव परत येत नाही. आणि लग्नाच्या साड्या विणणाऱ्याजवळ नावाशिवाय दुसरं असतं काय?

मी अण्णांना म्हणालो, "चला." शिपायाने त्यांच्या दंडाला धरलं.

"सर, जरा थांबता का?"

मी वळून बघितलं. कॉन्स्टेबल समोरच्या घराच्या पायरीवर उभी होती, हातात फोन. सगळ्या गल्लीसमोर हाताखालच्या पोरीने थांबवणं मला झोंबलं. मी जरा तिखटच विचारलं, "काय झालं?"

"सर, हितं माझ्या फोनवर अण्णांचं नेट चालू हाय."

महजराचे फोटो ठाण्यात पाठवताना तिचा त्या दिवसाचा डेटा संपला होता आणि फोनची चकरी फिरत राहिली होती. ते बघून समोरच्या म्हाताऱ्या आजी सहज म्हणाल्या होत्या, "अगं बाई, अण्णांचं लाव की. समद्यांचंच हाय त्ये." आणि पासवर्डही सांगून मोकळ्या झाल्या होत्या, पोलिसाला! आजींच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

मी आत जाऊन अण्णांच्या समोर बसलो. या वेळी स्टुलावर न बसता खाली, मागाच्या कडेला बसलो. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. इंटरनेटची तार सरळ संगणकात आलेली होती. जावयाने त्याला नखाएवढं वायफायचं यंत्र लावून हॉटस्पॉट चालू करून दिला होता, म्हणजे संगणकाला मिळणारं नेट आसपासच्या फोनांनाही मिळायचं. एका वेळी आठच फोन बसायचे. नववा आला की गल्लीत हाक जायची, "कुणीतरी उतरा गं!" आणि कुणीतरी उतरायचं. संगणक झोपला की हॉटस्पॉटही बंद पडे, म्हणून अण्णांची बायको दिवसभर त्याला झोपू देत नसे.

"मग मघाशी का नाही सांगितलं?"

अण्णा म्हणाले, "सांगितलं असतं तर गल्लीतल्या बायका-पोरीस्नी ठाण्यात बोलवला असता तुमी. त्येंचं काय चुकलं? आणि असं वाटून दिल्यालं नेट म्हंजे गुन्हाच असंल, असं मला वाटलं."

शेजाऱ्याने विरजण मागितलं तर कशाला हवं म्हणून कुणी विचारत नाही. अण्णांनी नेट तसंच दिलं होतं. ज्या शेजाऱ्यांना वाचवायला ते खोटं बोलले, त्यांच्यातल्या एकीनेच त्यांना वाचवलं, तेही काही न कळता.

कॉन्स्टेबलने आणखी एक प्रश्न विचारला, जो मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. "अण्णा, ह्यो फोटो त्या पोरीच्या आईनं तुमाला सोता पाठिवला व्हता?"

"न्हाय. त्येंच्याकडं साड्या दाखवाया गेलता त्यो दलाल हाय न्हवं, त्येच्या फोनातनं आलता."

म्हणजे फोटो अण्णांच्या आधी आणखी एका माणसाकडे होता. तो दलाल आठवड्यातून दोनदा तयार साड्या न्यायला यायचा आणि बाहेरच्या कट्ट्यावर तास-तासभर बसायचा. पण संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. एकदा तोंड पोळलेलं असल्यामुळे मी आता फुंकर घालून पीत होतो.

युक्तीही त्या कॉन्स्टेबलचीच. ती म्हणाली, "सर, पासवर्ड बदलूया. समदे फोन बाहेर पडतील. मग जो आत येईल त्यो इचारूनच येईल." संगणक जप्त न करता आम्ही तिथेच ठेवला. पोलीस कसल्या तरी सरकारी तपासणीसाठी आले होते, एवढंच गल्लीला सांगितलं. निपाणीच्या मुलीचं नाव तर आम्ही गल्लीत कुठेच घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून कॉन्स्टेबल साध्या साडीत अण्णांच्या घरी पदराचे गोंडे बांधायला बसली. बसायची जागा अशी की दारातून तिचा चेहरा दिसू नये आणि तिला संगणकाच्या पडद्यावर जोडलेल्या फोनांची यादी दिसावी.

नेट बंद पडल्यावर गल्लीतली माणसं सरळ दारात येऊ लागली. आजींना कीर्तन ऐकायचं होतं. एका मुलीचा नर्सिंगचा अभ्यास अडला होता. गोंडे बांधणाऱ्या दोघींना कामावर असताना गाणी हवी होती. सगळ्यांनी मोठ्याने, हक्काने विचारलं. तिसऱ्या दिवशी दलाल आला. स्वच्छ पांढरे कपडे, गोड बोलणं, देवळासमोर चप्पल काढून नमस्कार. "आक्का, नेट का लागंना?" त्याने विचारलं. अण्णांना सोंग जमत नाही हे आम्ही ओळखलं होतं, म्हणून त्यांना आत पाठवलं होतं. त्यांच्या बायकोने चेहऱ्यावरची रेषाही न हलवता नवा पासवर्ड सांगितला आणि वर चहाही दिला.

दुपारी निपाणीहून मुलीच्या भावाचा मला फोन आला. नवऱ्या मुलाच्या बहिणीला त्याच क्षणी नवं चित्र आलं होतं. मी लगेच कॉन्स्टेबलला फोन लावून विचारलं. ती हळूच म्हणाली, "सर, पडद्यावर दोनच फोन. एक आजींचा, त्यो हितं माझ्यासमोर खिडकीत चार्जिंगला लावलाय. दुसरा भायेर कट्ट्यावर."

आम्ही देवळापाशीच थांबलो होतो. दोन पंच घेऊन गेलो, फोन ताब्यात घेतला, महजर केला.

ठाण्यात दलाल डगमगला नाही. फोन उघडायला नकार दिला आणि वकिलाचं नाव सांगितलं. फोन प्रयोगशाळेत गेला असता तर अहवालाची वाट बघण्यात महिने गेले असते. माझा एक अनुभव आहे. खोटं बोलणारा मोठ्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून येतो आणि क्षुल्लक प्रश्नाला अडखळतो. म्हणून मी त्याला मुलीबद्दल, फोटोबद्दल काही विचारलंच नाही.

"तुमच्या फोनात नेट आहे ना?"

"हाय की."

"मग अण्णांचं कशाला लागतं?"

"कट्ट्यावर माझ्या कंपनीची रेंज येत न्हाय, साहेब."

कॉन्स्टेबलने तिचा फोन टेबलावर ठेवला. "माझीबी तीच कंपनी हाय. तीन दिवस तिथंच बसलेय. रेंज भरून असती."

"तवा आली नसंल."

"कधी?" मी विचारलं.

त्याने पाणी मागितलं. ते पिऊन त्याने स्वतःच फोन उघडायचा नंबर सांगितला. आत खोटं खातं उघडंच होतं. त्याने आपल्या भाच्याचं स्थळ त्या मुलीला सुचवलं होतं, घरच्यांनी हात जोडून नकार दिला होता. एवढ्यासाठी! आपल्या घरच्या नेटवरून केलं तर सापडू, अण्णांच्या नेटवरून केलं तर अण्णा सापडतील, हा हिशेब त्याने थंड डोक्याने केला होता. तो हिशेब तीनच दिवस आधी मी जवळजवळ पुरा करून दिला होता, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

निपाणीचे व्यापारी सगळं कळल्यावर ठाण्यात न येता थेट शहापुरात गेले. मीही गेलो होतो. 'त्येला आत टाका' म्हणणारा तो माणूस गल्लीत सगळ्यांसमोर अण्णांना म्हणाला, "अण्णा, माझ्या पोरीच्या साड्या तुमच्याच मागावर व्हायला पायजेत. दुसरीकडं जायचो न्हाय आमी." अण्णा उपरण्याने डोळे पुसत राहिले. मी त्यांची माफी मागितली. वर्दीत होतो, टोपी काढून मागितली. ते म्हणाले, "साहेब, तुमी ऐकून घेतलासा. लई झालं."

आता हे नेट बंद करू का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, बंद करू नका, पण कोण वापरतंय ते तुम्हाला माहीत असू द्या, आणि पासवर्ड अधूनमधून बदलत चला. त्यावर त्यांच्या बायकोने नियमच काढला: ज्याला हवं त्याने घरात येऊन मागायचं. तेव्हापासून तिला चहा जास्त करावा लागतो, अशी तिची तक्रार आहे.

या केसने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. इंटरनेट कंपनीचं पत्र घर दाखवतं, माणूस दाखवत नाही, एवढं तर कुणीही सांगेल. मला त्याहून दुसरं शिकायला मिळालं. समोरचा खोटं बोलतोय हे ओळखणं सोपं आहे. तो कुणासाठी खोटं बोलतोय, हे विचारायला थांबावं लागतं. मी थांबत नव्हतो, मला थांबवावं लागलं. ज्यांनी थांबवलं, त्या आजींचं आणि त्या कॉन्स्टेबलचं ऋण माझ्यावर आहे आणि ते फिटावं असं मला वाटत नाही.

निवृत्तीच्या दिवशी ती भेटायला आली होती. मी विचारलं, "त्या दिवशी सगळ्या गल्लीसमोर साहेबाला थांबवलंस. भीती नाही वाटली?"

"लई वाटली, सर."

"मग?"

"मग काय? तुमी थांबलासा की."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला पदकं मिळाली, प्रशस्तिपत्रं मिळाली. ती सगळी कपाटात आहेत. तिचं ते वाक्य मात्र मी कुणालाही, न विचारता, सांगत सुटतो.