वॉटर पंपाचं भोक आणि साठ माणसांचं बिरडं

माझ्या जुन्या गाडीचा वॉटर पंप मी स्वतःच्या हाताने मारला. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत ही गोष्ट मी वेगळी सांगतो, त्यात एक ट्रेलर आणि दोन म्हशी आहेत. इथे खरी लिहितो. बऱ्यापैकी खरी.

गाडीखाली रोज सकाळी कूलंटचे हिरवट थेंब दिसायला लागलेले. आडवा होऊन पाहिलं, तर पंपाच्या खालच्या अंगाला तुरीच्या दाण्याएवढं भोक, आणि थेंब तिथूनच. एवढा मोठा कारखाना, आणि भोक बुजवायला विसरला! मी इपॉक्सी मळली आणि असं लिंपलं, की धरणं बांधणाऱ्यांनी येऊन शिकावं. थेंब बंद. निम्म्या डोंबिवलीने ही गोष्ट ऐकली, उरलेल्या निम्मीने दोनदा.

आठवड्याभरात इंजिनातून कुईकुई सुरू झाली. मी रेडिओ मोठा केला.

त्या रविवारी बायकोची पहिली मोठी ऑर्डर होती. ठाण्यात एका साठीशांतीला साठ माणसांचं वालाचं बिरडं, बाराच्या आत. भिजवलेले, मोड आलेले वाल तिने एकेक करून सोललेले.

"अहो, गाडी रडतेय. दाखवून आणा आधी."

"अगं, ही काश्मीरला जाऊन येईल!"

गाडी कळव्यापर्यंत गेली. तिथे तापमानाचा काटा लाल रेघेवर चढला, पट्टा किंचाळून तुटला आणि बॉनेटमधून एवढी वाफ निघाली, की भर उन्हात कळव्याचं माथेरान झालं. मी रेडिएटरचं झाकण उघडायला धावलो.

"हात लावू नका त्याला!" बायको कडाडली. "भाजलात तर पातेली कोण उचलणार?"

तिने रिक्षा थांबवली. दोन पातेली पायाशी, एक मांडीवर.

"मीपण येतो."

"बसाल कुठे? बिरड्यावर?"

रिक्षा गेली. साडेअकरा वाजून गेलेले.

ठाकुर्लीहून आमचा मेकॅनिक आला, वाकला आणि म्हणाला, "काका, हे कोणी लिंपलं?"

"कंपनीने."

"कंपनी बोटांचे ठसे ठेवून जाते?"

मग त्याने समजावलं. पट्टा पंप फिरवतो, पंपातली पाती पाणी इंजिनभर खेळवतात. पाणी बेअरिंगकडे जाऊ नये म्हणून मध्ये सील असतं. ते झिजलं, की पाणी त्या भोकातून बाहेर पडतं. भोक मुद्दाम त्यासाठीच ठेवलेलं असतं. थेंब दिसले, की पंप बदलायचा. मी भोक बुजवलं, पाणी बेअरिंगमध्ये शिरलं. पुली त्याने बोटाने हलवली, ती दुधाच्या दातासारखी हलली.

"आवाज आला असेल ना, काका?"

"रेडिओ चालू होता."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. पाच मिनिटं उशीर झालेला, पण पंगत बसायची होती. आता लोक दुसऱ्यांदा वाढून घेतायत, आणि तिथल्याच एका बाईंनी पुढच्या रविवारची ऑर्डर दिलीय.

"नवा पंप बसतोय," मी म्हणालो. "रविवारी मीच सोडतो."

"नको," ती म्हणाली. "मी टेम्पो सांगितलाय."