डावा कालवा, उजवा कालवा

कर्ज देणारी कंपनी चुकली, तर तिला जाब कोणी विचारायचा, राज्याने की केंद्राने? २००७ साली अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या एका तळघरात हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना आम्ही कुठे अडलो, ते क्रमाने सांगते.

घर आमच्या शेजारच्या काका-काकूंचे. तळघरात काकू दर शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग घेत. मी साताऱ्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेले. निवृत्तीनंतर मुलाकडे आल्यावर काकूंच्या मदतीला जाऊ लागले. काका अमेरिकेत येण्याआधी पाटबंधारे खात्यात अभियंता होते, आणि ते खाते त्यांच्या अंगातून कधी गेलेच नव्हते.

त्या उन्हाळ्यात कर्ज कंपनीने कळवले की घराचा विमा संपल्यामुळे तिने स्वतःच एक विमा उतरवला आहे. विमा संपलेला नव्हता. तरीही त्या नव्या विम्याची रक्कम जोडून कर्जाचा हप्ता वाढवला. काका जुनाच हप्ता भरत राहिले, कंपनी तो अपुरा मानत राहिली, आणि शेवटी घर लिलावात काढण्याची सूचना आली.

काकांनी राज्याच्या बँकिंग खात्याकडे तक्रार केली. उत्तर स्पष्ट होते : ही कंपनी राष्ट्रीय बँकेच्या मालकीची आहे, आमच्या अखत्यारीत येत नाही, केंद्राच्या कार्यालयाकडे जावे. काकांनी तक्रार पुन्हा त्याच खात्याकडे पाठवली, पुढे रवाना करण्याच्या विनंतीसह.

"अहो, ते नाही म्हणतायत ना?" काकू म्हणाल्या.

"म्हणू देत. शेरा मारून वर पाठवणं त्यांचं काम आहे. थ्रू प्रॉपर चॅनेल! आमच्याकडे एकानं डायरेक्ट सचिवांना लिहिलं, तर महिन्यात बदली झाली त्याची."

"तुमची कुठे करणार आहेत बदली? बेसमेंटमधून ॲटिकमध्ये?"

आम्ही हसलो. काकूंचे हसू मात्र लगेच मावळले. "घर गेलं तर वर्ग कुठे भरवू मी? अपार्टमेंटमध्ये एवढी पोरं नाचली तर खालचे लोक पोलीस बोलावतील."

वर्ग नुकताच सुटला होता. मी खडू उचलला.

"बाई, आता मलाही बाकावर बसवता?" काका म्हणाले.

"बसा."

मी फळ्यावर आधी एक जिना काढला : उपअभियंता, कार्यकारी अभियंता, सचिव. "हे तुमचं खातं. इथे खालून वर जावं लागतं." मग शेजारी एक धरण काढले आणि त्यातून निघणारे दोन कालवे. "हा देश असा आहे. धरण लोकांचं. डावा कालवा केंद्राचा, उजवा राज्याचा. दोघांची गेटं वेगळी. काही बाबतींत वाद झाला तर केंद्राचा शब्द चालतो, हे खरं. पण म्हणून राज्य हे केंद्राचं तालुका ऑफिस होत नाही. राष्ट्रीय बँकेला सनद केंद्राची. तिच्या मालकीची कर्ज कंपनीसुद्धा केंद्राच्याच देखरेखीखाली, असा निकाल यंदाच सर्वोच्च न्यायालयानं दिलाय."

काकांनी फळ्यापाशी येऊन उजव्या कालव्यावर बोट ठेवले. "म्हणजे डाव्या कालव्याचं पाणी मी उजव्याच्या गेटवर मागत बसलो."

"आणि गेटवाला बिचारा सांगत होता," काकू म्हणाल्या.

"बरं, मग विमा कंपनी कुठल्या कालव्यावर?"

"तिच्यावर देखरेख राज्याची."

"एकाच घराचं कर्ज इकडे आणि विमा तिकडे! अजब इरिगेशन आहे यार."

सोमवारी तक्रार थेट केंद्राच्या कार्यालयाकडे गेली, सोबत विमा कधीच खंडित झाला नव्हता असा विमा कंपनीचा दाखला. चौकशी सुरू झाली, आणि काही आठवड्यांनी कर्ज कंपनीने आपली चूक मान्य करून लिलावाची सूचना मागे घेतली. त्या शनिवारी वर्ग नेहमीसारखा भरला. कालवे पुसायला काकांनी हरकत घेतली, तेव्हा मुलांनी उरलेल्या जागेत जोडाक्षरे लिहिली.

हे सारे त्या वर्षापुरते खरे आहे. बँकांच्या मालकीच्या अशा कंपन्यांबाबतचा नियम पुढे बदलला. म्हणून माझ्या आठवणीवर विसंबू नका. आपल्या बँकेची सनद केंद्राची की राज्याची, आणि तिच्याविरुद्धची तक्रार आज कोण ऐकतो, हे कृपया स्वतः पडताळून पाहा.