बायोडाटाकाकू

आमच्या बायोडाटाकाकूंना बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरसमोर स्कूटर लावायच्या, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, हातात किल्ली आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "बसत नाई माय, घाईत हाय." मग तशाच दीड तास. चहा उभ्यानं, पोहे उभ्यानं, आणि लग्नंही उभ्याउभ्याच जमवायच्या. पाहुणी उभी म्हणून आईलाही बसता यायचं नाही. काकू गेल्या की आई पाय चोळत बसायची आणि त्यांना चार शब्द सुनवायची, अर्थात त्या गेल्यावर.

काकू मूळच्या भंडाऱ्याकडच्या, यजमान स्टील प्लँटमध्ये, कोक ओव्हनच्या भट्टीला. इकडे मराठी घरं ती किती! भिलाईत प्लँटवाली, दुर्गच्या बाजूला रेल्वेवाली. घरात मराठी, दाराबाहेर पडलं की हिंदी. अशात मुलामुलींची लग्नं जमायची तर कुणीतरी घरोघरी फिरायला हवं, आणि फिरायची हौस काकूंना जन्मजात. त्यांच्या मोबाइलमध्ये अख्ख्या समाजाचे बायोडाटे होते. फोटो, जन्मवेळ, पगार, मामाचं गाव, क्वार्टर नंबर, सगळं.

पण एकच बायोडाटा त्या सगळीकडे पाठवत नसत. घर पाहून त्यात मीठमसाला घालायच्या. मुलगा उंच असला की मुलगी दोन इंचांनी वाढायची. सासू देवभोळी असली की मुलगी गुरुवार धरायची. मी एकदा म्हटलं, "काकू, हे चक्क खोटं आहे." तर म्हणाल्या, "खोटं नाई वं, अंदाज हाय. लगन झाल्यावर मानूस वाढते."

हे ऐकून मी हसले होते. हसू पुरतं जिरलं, जेव्हा कळलं की माझाही बायोडाटा फिरतोय. आईनं गुपचूप दिला होता, आणि फोटो काकूंनी मामेबहिणीच्या हळदीत काढलेला. गालाला हळद, खिदळणारी मी. मला कुणी विचारलं नव्हतं. मी जुनवानीच्या एका शाळेत हिशेब सांभाळते. तिथे त्याच सुमारास नव्या डेटा कायद्याची चर्चा चालली होती, मुलांची माहिती कशी ठेवायची वगैरे. मी दारातच काकूंना धडा दिला. विचारल्याशिवाय कुणाची माहिती घ्यायची नाही. ज्या कामाला घेतली त्याच कामाला वापरायची. माणसानं पुसा म्हटलं की पुसायची.

"मी काय कंपनी हाय काय वं? मले कोनता कायदा लागते? अन् लोकाइले दिसलीच नाई, त पसंत कशी पडशीन?"

राग आला तो यासाठी, की त्यांचं बरोबर होतं. घरगुती देवाणघेवाणीला तो कायदा हात लावत नाही. लग्नाच्या एका साइटवर आईनं माझं नाव घातलं होतं. कायदा अजून पुरता लागू व्हायचा होता, तरी तिथे 'माझी माहिती पुसा' असं बटण आलेलं होतं. मी ते दाबलं, दोन दिवसांत पुसल्याची मेल आली. पण काकू, मावश्या आणि आत्यांच्या मोबाइलला कुठे असतं बटण?

मग फोन सुरू झाले. हिंदीत बोलणारा एक माणूस. पहिल्यांदा म्हणाला, राँग नंबर. दुसऱ्यांदा माझं नाव घेतलं. तिसऱ्यांदा जन्मवेळ सांगितली आणि म्हणाला, "हल्दी में बहोत जचती हो." ब्लॉक केलं की दुसऱ्या नंबरवरून. एकदा आमचा क्वार्टर नंबर म्हणून दाखवला. त्यानंतर मी स्कूटरवरून घरी येताना प्रत्येक वळणावर मागे पाहायला लागले. खिडकीचा पडदा सरकवायची भीती. बाबा म्हणाले, "नंबर बदल, बोभाटा नको." नंबर बदलेन हो, पण चेहरा कुठून बदलून आणू?

काकू आल्या तशी मी त्यांच्यावर तुटून पडले. वाट्टेल ते बोलले. आई मधे आली, तिलाही बोलले. काकू दारात उभ्या, किल्लीशी चाळा करत. तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी माझ्या हातातून घेतला, आवाज मोठा केला आणि मला डोळ्यांनीच गप्प केलं. तो म्हणाला, "आज मूड खराब है क्या? भजन गाती हो ना, एक सुना दो."

फोन कापून काकू माझ्याकडे पाहतच राहिल्या. मला गाणं येत नाही, भजन तर नाहीच नाही.

"थे भजन मीनं टाकलं व्हतं वं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज असा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "एकाच घरी. तिथली सासू भजनी मंडळात हाय म्हून."

ते घर भिलाईच्याच कडेला, कुरुदला होतं, निवृत्त रेल्वेवाल्यांचं. काकूंनी मला मागे बसवलं आणि स्कूटर हाणली. त्या घरची बाई बिचारी आम्हाला पाहून हरखली, तिला वाटलं होकार आला. बायोडाटा पुढे कुणाला दिला, असं काकूंनी विचारल्यावर म्हणाली, "अवं, मले मोबाइलवर बारीक अक्षर दिसत नाई, म्हून प्रिंट काढाले पाठोला कोपऱ्यावरच्या दुकानात." पाठवला म्हणजे त्या दुकानदाराच्या व्हॉट्सअपवर. झालं!

दुकान म्हणजे झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म, सगळं एका टेबलावर. काकू मला म्हणाल्या, "लाव त्याले फोन." मी मघाचा नंबर लावला. काउंटरखाली मोबाइल वाजला. गल्ल्यावरचा तो सभ्य, भांग पाडलेला माणूस एकदम काळवंडला. आणि काकूंनी गिऱ्हाइकाचं स्टूल ओढून त्यावर चक्क बसकण मारली. "अब हम यहीं बैठे है," म्हणाल्या, "तू कंप्यूटर को हात लगाके तो दिखा."

तिथूनच त्यांनी बाबांना बोलावलं, पोलिसांनाही. बाबा आले ते हात जोडतच, "मिटवून टाकू, मुलीचं नाव येईल." मी काही बोलण्याआधी काकू कडाडल्या, "तिचं नाव त्यानं आधीच घेतलं हाय, भाऊ! आता त्याचं घेऊ द्या." ठाण्यात हवालदारानं विचारलं, फोटो बाहेर गेला कसा? बाबांनी मान खाली घातली. काकू पुढे झाल्या. "लिखो साहब, फोटो मैंने भेजा था. लडकी को पूछे बिना. मेरा नाम लिखो." आणि लिहून घेईपर्यंत त्या टेबलापासून हलल्या नाहीत.

त्या दुकानाच्या कंप्यूटरमध्ये किती पोरींचे फोटो निघाले, ते मला सांगवत नाही. माणूस आत गेला, फोन थांबले. पण काकूंचं नावही गावभर झालं. ज्यांची लग्नं त्यांनी जमवली, तीच घरं म्हणू लागली, काकूंकडे बायोडाटा देऊ नका, पोलिसात जातो. काकूंच्या मोबाइलवर कुणी काही पाठवेना. मी भांडायला उठले तर म्हणाल्या, "जाऊ दे. खरंच बोलून राहिले थे."

यजमान निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. सामान ट्रकवर चढत होतं तेव्हा काकूंनी मला बोलावलं आणि मोबाइल हातात दिला. "समदे पुस. माझ्यानं होत नाई." मी एकेक पुसत गेले आणि त्या एकेकाला निरोप देत गेल्या. ही नागपूरला दिली, हा लई लाजरा होता, हिच्या सासूनं छळलं. शेवटी हळदीतली मी उरले.

"हा ठेवू काय वं?" त्यांनी विचारलं. "कोनाले दाखवत नाई. मलेच पाहाले."

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ, हो म्हणायचं होतं. पण मी मोबाइल घट्ट धरून ठेवला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मोबाइल घेतला आणि स्वतःच्या बोटानं तो फोटो पुसला. "विचारल्यावर थांबली, म्हंजे नाई, माय," म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून ट्रककडे गेल्या.

परवा भंडाऱ्याहून त्यांचा फोन आला होता. गुडघे दुखतात, करमत नाही, तू ये एकदा. फोटोचं नाव काढलं नाही. फोन ठेवल्यावर मी माझ्या मोबाइलमध्ये उरलेला तो हळदीतला फोटो उघडला आणि पाठवायला त्यांचं नाव निवडलं. माझा फोटो, माझी मर्जी, आणि समोर माझ्या काकू. तरी बोट पुढे जाईना. त्या झेरॉक्सवाल्या नालायकानं एवढं मात्र माझ्याकडून नेलंच.